सिग्नलला थांबल्यावर ब्रेक पेडल हळूहळू खाली जातंय, काय असेल?

कुंभार्ली_वाला:
नमस्कार मंडळी. बाबांची 2004 ची वॅगन आर आहे, अजून रोज चालते. हल्ली सिग्नलला ब्रेकवर पाय ठेवून उभं राहिलं की पेडल सावकाश खाली खाली जातं, पार फ्लोअरपर्यंत. सोडून परत दाबलं की वर येतं. कचकन ब्रेक मारला तर मात्र व्यवस्थित लागतो. ब्रेक ऑइलची लेव्हल जिथल्या तिथे आहे, चाकांजवळ कुठे ओल नाही. मागच्या आठवड्यात गॅरेजवाल्याने चारही चाकांची एअर काढली, त्यानंतर प्रॉब्लेम कमी व्हायच्या ऐवजी वाढलाच. आता तो म्हणतो मागचे लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणाऱ्या पट्ट्या) बदलू. बाबांना घेऊन चिपळूणहून कराडला जायचंय म्हणजे कुंभार्ली घाट आलाच, म्हणून विचारतोय.

पाना_पक्कड:
लायनर नका बदलू, मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइलवर दाब टाकणारा भाग) गेलाय. लायनर झिजले किंवा अ‍ॅडजस्टमेंट गेली तर पेडल पहिल्यापासूनच खोल लागतं आणि दोन-तीनदा मारलं की वर येतं, पाय ठेवल्या ठेवल्या बसत जात नाही. तुमच्याकडे आतल्या रबरी कपाच्या कडेने ऑइल मागे सरकतंय, बाहेर येत नाही म्हणून लेव्हलही कमी होत नाही. जोरात दाबलं की प्रेशरने कप भिंतीला घट्ट चिकटतो आणि ब्रेक लागतो, हलका पाय ठेवला की गळतो, आणि गॅरेजमध्ये सगळे जोरात दाबूनच बघतात त्यामुळे तिथे "ठीक आहे" म्हणतात.
एअर काढल्यावर वाढलं याचंही कारण आहे. रोजच्या वापरात पिस्टन ठराविक अंतरच जातो, त्याच्या पुढच्या भागात इतक्या वर्षांचा गंज आणि गाळ साचलेला असतो. ब्लीडिंग म्हणजे एअर काढणं करताना पेडल फ्लोअरपर्यंत हाणलं की कप त्या खरखरीत भागावरून घासतो आणि कड फाटते. म्हणून जुन्या गाडीत ब्लीडिंग करताना पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवायला सांगा.

नाशिककर_ऑटो:
निदान पटतंय, पण पैसे घालायच्या आधी खात्री करून घ्या. मास्टर सिलिंडरमधून निघणाऱ्या ब्रेक लाइन काढून तिथे बरोबर मापाचे प्लग लावायचे, आतली हवा काढायची आणि पेडल दाबून धरायचं. तरीही बसलं तर सिलिंडरच. दगडासारखं टणक राहिलं तर मग पुढे होज (चाकाकडे जाणाऱ्या रबरी नळ्या), कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग), मागचे व्हील सिलिंडर तपासा, ड्रम उघडून रबरी टोपी उचलून बघा, आत ओल असते ती बाहेरून दिसत नाही.
बूस्टरची (इंजिनच्या व्हॅक्यूमने पेडलला जोर देणाऱ्या भागाची) टेस्ट पण करून टाका. इंजिन बंद ठेवून पेडल टणक होईपर्यंत मारा, पाय तसाच ठेवून गाडी चालू करा, पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर ओके.

कुंभार्ली_वाला:
खूप आभार दोघांचे. नुसतं किट (मास्टर सिलिंडरच्या आतले नवीन रबर) टाकलं तर चालेल का? गॅरेजवाला म्हणतो किट स्वस्तात होतं. आणि ऑइल कुठलं?

पाना_पक्कड:
वीस वर्षांच्या गाडीत मी किट टाकत नाही. आत बोट फिरवून नखाला खड्डे लागले तर नवीन रबर पण त्याच खड्ड्यांवर घासून जाणार, त्यापेक्षा पूर्ण असेंब्ली घ्या. बसवायच्या आधी बाकावर धरून त्यातली हवा काढायला सांगा, नाहीतर नंतर पेडल स्पंजसारखंच लागेल.
ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, डॉट 3 (डॉट म्हणजे ब्रेक ऑइलचा ग्रेड) असेल तर डॉट 4 पण चालतं, डॉट 5 मात्र चुकूनही नाही, ते सिलिकॉनचं असतं. सीलबंद डबा घ्या, उघडा राहिलेला नको, हे ऑइल हवेतली ओल शोषतं. कोऱ्या डॉट 3 चा उकळबिंदू किमान 205 अंश असावा लागतो, पाणी शोषल्यावर तो 140 पर्यंत उतरतो, घाट उतरताना ब्रेक तापले की त्याचीच वाफ होते आणि पेडल रिकामं जातं. पार्ट पेट्रोल-डिझेलने धुवू देऊ नका, रबर फुगतं.

नाशिककर_ऑटो:
आणि तोपर्यंत गाडी घाटात नेऊ नका, गावातही नको. गॅरेजला टो करून न्या, कराडला बाबांना एसटीने न्या.