ऊसतोड मजुरांवरचा शोधनिबंध: भाषा सर्वसमावेशक कशी करायची?

करवीर_संशोधक: शिरोळ तालुक्यात येणाऱ्या ऊसतोड मजुरांवरचा मराठी शोधनिबंध परीक्षकांकडून परत आलाय. नमुना 60 कोयत्यांचा. शेरा एवढाच: 'भाषा लिंगनिरपेक्ष व सर्वसमावेशक करा.' सगळीकडे 'तो' शोधून 'ते' केलं तर भागेल का? आणि 'विधवा'च्या जागी 'एकल महिला' घालू का?

मुद्रितशोधक: शोधा-बदला अजिबात नको. शब्दाच्या पोटातला 'तो'ही बदलतो: 'ऊसतोड'चं 'ऊसतेड' आणि 'करतो'चं 'करते'. वाक्यं हातानंच फिरवा. वर्तमानकाळात अनेकवचन पुरतं: 'मजूर फडात राबतो' ऐवजी 'मजूर फडात राबतात'. भूतकाळात मात्र 'मजूर आले' की 'आल्या' हा पेच उरतोच. तिथं 'मजुरांनी स्थलांतर केले' अशी रचना घ्या. क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, कर्त्याचं लिंग दिसत नाही. 'उत्तरदाता'ला 'सहभागी व्यक्ती' चालेल. पण 'करण्यात आले'चा मारा नको, कुणी केलं तेच त्यात हरवतं.

शेतीअर्थ: 'तो-ते'पेक्षा तुमचा 'कोयता' जास्त अडचणीचा आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. सगळ्या जोड्या असतील तर 60 कोयते म्हणजे 120 माणसं. मुलाखतीला फक्त नवरे बसले असतील, तर निम्म्या मजुरांचं म्हणणं तुमच्याकडे नाहीच, आणि नुसत्या 'कोयते' या शब्दानं ते झाकलं जातं. संशोधन पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहा: कोयते किती, त्यात बायका किती, पुरुष किती, उत्तरं कुणी दिली, उचल (आगाऊ घेतलेली रक्कम) कुणाच्या नावावर आहे. 'पतीला मदत करते' हे वाक्य काढाच. मोळ्या बांधणं, डोक्यावरून वाहणं हे काम म्हणून तासांसह नोंदवा. बोलणं फक्त बायकांबद्दल असेल तिथं 'महिला मजूर'च लिहा.

करवीर_संशोधक: मुलाखती बहुतेक नवऱ्यांच्याच आहेत. पद्धतीत तसं घालतो. 'विधवा'चं काय?

ग्रंथालय_टेबल: 'एकल महिला'त परित्यक्ता, घटस्फोटित, अविवाहित याही येतात. तुमच्या तक्त्यात फक्त पतीचं निधन झालेल्या असतील तर शब्द बदलताच आकडा चुकीचा ठरेल. 'पतीचे निधन झालेल्या महिला' असंच लिहा. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीचा विधवा प्रथा बंद करण्याचा 2022 चा ठराव सांगताना मात्र 'विधवा प्रथा' हे शब्द तसेच राहू द्यात. जातीच्या तक्त्यात 'अनुसूचित जाती' हा कायदेशीर प्रवर्ग लिहा, 'दलित' त्याचा पर्यायी शब्द म्हणून नको. मुलाखतीतली बोली अवतरणात आहे तशीच ठेवा, एक अक्षरही सुधारू नका.