ग्रंथसूची आणि तालिका एक नव्हे

ग्रंथालयातल्या इंग्रजी शब्दांना मराठीत काय म्हणावं, या चर्चेत कॅटलॉग आणि बिब्लिऑग्राफी, दोन्हींना ‘ग्रंथसूची’ म्हटलं तरी चालेल, असं एकांनी लिहिलंय. मला ते पटत नाही. कॅटलॉग म्हणजे या ग्रंथालयात काय आहे, कोणत्या कपाटात आहे, ते सांगणारी नोंद. तिला तालिका म्हणावं. बिब्लिऑग्राफी म्हणजे एखाद्या विषयावर किंवा भाषेत कोणती पुस्तकं निघाली त्यांची यादी, तिला एखाद्या कपाटाशी देणंघेणं नसतं. शंकर गणेश दाते यांच्या सूचीत 1800 ते 1937 मधली मराठी पुस्तकं आहेत, मग ती परभणीत मिळोत की न मिळोत. ती खरी ग्रंथसूची. हा फरक पुसला तर वाचक नोंद बघून येतो आणि पुस्तक नाही म्हणून हिरमुसून परत जातो. ते मला फार लागतं.

‘कॉल नंबर’ला, म्हणजे पुस्तकाची कपाटातली जागा सांगणाऱ्या क्रमांकाला, बोधांक आणि ‘अ‍ॅक्सेशन नंबर’ला, म्हणजे पुस्तक आलं की नोंदवहीत त्याला मिळणाऱ्या क्रमांकाला, दाखलांक हे रुळलेले शब्द आहेत, ते बदलू नयेत. दाखलांक तर मला विशेष आवडतो. ‘दाखल’ मूळचा अरबी, पण शाळेच्या दाखल्यापासून दवाखान्यात दाखल होण्यापर्यंत आपल्या रोजच्या तोंडात आहे. आपल्या मराठवाड्यात 1948 पर्यंत निजामाचं राज्य होतं, सरकारी कारभाराची भाषा उर्दू. असे शब्द आपल्या अंगवळणी पडलेत. त्यामुळे शब्द फारसी-अरबी आहे एवढ्यावरून तो काढून टाका, ही चर्चेतली दुसरी सूचना तर अजिबात मान्य नाही. नोंदवहीत पुस्तक ‘दाखल’ झालं, हे गावातल्या नव्या मदतनीसालाही न समजावता कळतं. त्याऐवजी ‘परिग्रहणांक’ म्हटलं की तो आपल्याकडे बघतच राहतो.