‘वर्ल्डबिल्डिंग’साठी मराठीत कोणता शब्द वापरावा?

चकवा : टेबलाभोवती बसून खेळायच्या कल्पनारम्य भूमिकाखेळांविषयी मी मराठीत एक मार्गदर्शिका लिहीत आहे. ‘वर्ल्डबिल्डिंग’साठी, म्हणजे खेळासाठी कल्पित जग रचण्याच्या कामासाठी, ‘विश्वनिर्मिती’ हा शब्द वापरला, तेव्हा मसुदा वाचणाऱ्या मैत्रिणीला ते प्रकरण खगोलशास्त्राचे वाटले. ‘जगबांधणी’ माझ्याच कानाला खटकते. वाक्य असे आहे : “मोहीम सुरू होण्यापूर्वी सूत्रधाराने ____ कितपत करावी?” (सूत्रधार म्हणजे खेळ चालवणारा; मोहीम म्हणजे अनेक डावांत चालणारी एकच कथा.) गाळलेल्या जागी काय लिहावे?

तळटीप : ‘प्रतिसृष्टी’ हा शब्द आपल्याकडे तयार असताना नवा घडवण्याचे कारण दिसत नाही. विश्वामित्राने त्रिशंकूसाठी नवी नक्षत्रे निर्माण केली, ती कथा हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या मनात जागी होते. शिवाय प्रतिसृष्टी मूळ सृष्टीच्या धर्तीवरच रचली जाते, आणि उत्तम कल्पित जगाचे मर्मही तेच आहे : एखादाच नियम बदलावा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत निभवावेत.

नकाशेवाला : परिणामांविषयी पूर्ण सहमत, शब्दाविषयी नाही. ‘प्रतिसृष्टी’ म्हटले की नवशिका सूत्रधार देवांच्या वंशावळीपासून आरंभ करतो आणि पहिल्या डावापर्यंत पोहोचतच नाही. माझ्या सध्याच्या मोहिमेत दर अमावास्येला नदी उलटी वाहते, एवढीच एक गोष्ट मी आधी ठरवली होती. मग नावाडी त्या रात्री दुप्पट भाडे घेऊ लागले, जकातनाका दोन्ही तोंडांना बसवावा लागला, आणि खालच्या गावाने विसर्जित केलेल्या अस्थी वरच्या गावाच्या घाटावर परत येऊ लागल्यामुळे दोन गावांत पिढीजात वैर निर्माण झाले. त्या वैराचे मूळ कोणते, हे तर खेळाडूंनीच विचारून विचारून माझ्याकडून घडवून घेतले. या कामाला मी ‘मुलूख उभा करणे’ म्हणतो, कारण मुलूख पायाखाली येईल तसतसा कळत जातो.

तळटीप : उदाहरण सुंदर आहे, परंतु ‘मुलूख’ अरबीतून आलेला आहे. परिभाषा घडवताना तरी संस्कृत धातूंचा आधार घ्यावा, म्हणजे त्यातून पुढचे शब्द सहज निघतात. प्रतिसृष्टीवरून ‘प्रतिसर्जक’ होतो. मुलुखावरून काय करणार?

चकवा : ‘मोहीम’ही अरबीच आहे, आणि तिला मी हात लावणार नाही. 1974 साली प्रसिद्ध झालेला ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ छोट्या सैनिकांच्या युद्धखेळांतून उत्क्रांत झाला, त्यामुळे त्याच्या परिभाषेतला ‘कॅम्पेन’ हा मूळ शब्दही रणांगणावरचाच आहे. ‘मोहीम’ म्हणताच घोडी, रसद, मुक्काम आणि परतीची अनिश्चितता हे सारे एका शब्दात येते. ‘अभियान’ मला सरकारी फलकावरचे वाटते.

अक्षरवेळ : चर्चेत ‘सूत्रधार’ सर्वांनी न तपासता स्वीकारला, याचा आनंद आहे. ‘सुतार’ची व्युत्पत्ती ‘सूत्रधार’पासून सांगतात, दोरीने माप घेऊन बांधकाम करणारा तो. तेव्हा सूत्रधार जे करतो ती ‘रचना’, आणि म्हणून ‘जगरचना’ हा माझा कौल. मात्र मार्गदर्शिकेत ‘डन्जन’ला ‘अंधारकोठडी’ लिहिले असेल, तर ते अवश्य बदलावे. फ्रेंच ‘दोंजों’ म्हणजे गढीतला मुख्य बुरूज, जवळजवळ आपला बालेकिल्ला. तळघरातल्या कैदखान्याचा अर्थ त्याला मागाहून चिकटला.

नकाशेवाला : या अर्थांतरातूनच एक स्थळ सुचते. एक बालेकिल्ला शतकानुशतके दलदलीत खचत गेला आहे. खेळाडू माथ्यावरच्या सज्जातून आत शिरतात आणि उतरत जातात. म्हणजे राजाचे शयनगृह आधी लागते, मग सदर, मग मुदपाकखाना, आणि महादरवाजा सर्वांत शेवटी, तळाशी. खाली जाताना वाढत जाणारा धोका आणि मागे जाणारा इतिहास यांची सांगड आपोआप बसते. याला ‘भुयार’ म्हणावे काय?

तळटीप : मुळीच नाही. भुयार कोठून तरी कोठेतरी जाते; तुमच्या बालेकिल्ल्याला दुसरे तोंडच नाही.

नकाशेवाला : महादरवाजा आहे की.

तळटीप : तो चिखलाखाली गाडलेला आहे. तो उघडत असेल तरच ‘भुयार’ मान्य करीन, आणि तसे असेल तर तो कोठे उघडतो हे आधी सांगावे.