क्रूझला सूट-बूट लागतो का?
प्रश्न असा, की क्रूझवर जेवायला सूट-टाय घालावा लागतो का. छे हो! मुंबई-गोवा बोटीवर लोक बर्म्युडा-चपलांत बिनधास्त फिरतात. जेवणाच्या ठरलेल्या वेळा आणि टेबलं ही जुनी शिस्तही नॉर्वेजियन क्रूझ लाइन या कंपनीने 2000 सालीच मोडीत काढली, हळूहळू बाकीच्या बऱ्याच कंपन्यांनीही ती सैल केली.

नाशिककरांना तर सोयीचंच. सकाळची पंचवटी एक्सप्रेस पकडा, सीएसएमटीहून बॅलार्ड पिअर, म्हणजे बोट सुटते तो धक्का, टॅक्सीने हाकेच्या अंतरावर. पोरं लहान असतील तर खालच्या डेकवरची, बोटीच्या मधोमध असलेली केबिन मागा. तिथे डुलणं कमी जाणवतं. जेवण भाड्यातच, जैनसुद्धा मिळतं. पण दारू, वायफाय, किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. खिसा तिथेच रिकामा होतो! आणि पावसाळा टाळा, अरबी समुद्र तेव्हा फार खवळलेला असतो.