बैठक बंद करू नका, खर्च कमी करा

"रोटरी-लायन्ससारखे सेवाभावी क्लब म्हणजे नुसत्या जेवणावळी आणि हारतुरे, साप्ताहिक बैठका बंदच करा" असं काहीजण म्हणतात, ते मला पटत नाही. हारतुरे फार होतात हे खरं, ते कमी व्हायलाच हवेत. पण पोलिओचं काम बघा. रोटरीने १९८५ मध्ये पोलिओप्लस ही पोलिओ निर्मूलनाची मोहीम हाती घेतली. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावड्यात सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. पहिलं श्रेय अर्थातच आशाताई, अंगणवाडी सेविका आणि परिचारिकांचं. क्लबवाले लसीकरणाच्या बूथवर त्यांच्या हाताखाली राबले. बर्फाच्या डब्यातून लसीची कुपी काढली की तिच्यावरचा चौकोन काळवंडलाय का, म्हणजे उष्णतेने लस खराब झालीय का, ते आधी पाहायचं, डोस दिला की बाळाच्या डाव्या करंगळीला शाई लावायची, राहिलेल्या मुलांसाठी पुन्हा घरोघर जायचं. रविवारी सकाळी झोप मोडून माणसं येतात ती बरीचशी एकमेकांच्या ओढीने. नेहमी सोबत बसणाऱ्यालाच "उद्या सातला ये रे" असं हक्काने सांगता येतं. हॉटेलऐवजी शाळेच्या वर्गात बसा, चहा-पोह्यांवर भागवा, पण भेटणं थांबवू नका.