खर्चाची वही की वेगळी खाती? पैसा आपल्याला हवा तिथेच जावा म्हणून

वहीवाला (धागाकर्ते)

"पैसे गेले कुठे?" असं दर महिनाअखेर म्हणायचं, एखादं ॲप उतरवून घ्यायचं, आठवडाभर आकडे भरायचे आणि सोडून द्यायचं, हा क्रम बहुतेक घरांत चालतो. हिशेब कशासाठी ठेवायचा हेच ठरलेलं नसेल तर तो टिकणार कसा? माझं मत असं की निदान तीन महिने कागदी वहीत, हाताने, प्रत्येक खर्च लिहावा. पण पहिल्या पानावर आकडे नकोत. तिथे अशा तीन गोष्टी लिहा ज्यांना पैसा कमी पडता कामा नये, आणि त्या करण्याच्या भाषेत लिहा. 'आरोग्य' लिहिलंत तर जिमची फी, बदाम आणि महागडं घड्याळ सगळंच त्यात बसतं. 'आठवड्यातले सहा दिवस घरचं जेवण' असं लिहिलंत तर कुठला खर्च त्यात बसतो ते लगेच कळतं. 'कुटुंब' नको, 'दर दोन महिन्यांनी गावी आईवडिलांकडे' हवं.

मग रोजच्या नोंदी. रकाने चार: तारीख, रक्कम, कशासाठी, खूण. खुणेचा रकाना रविवारपर्यंत कोरा ठेवायचा. पहिल्या पानावरच्या तिन्हींपैकी एकाशी खर्च जुळला तर बरोबरची खूण. वीजबिल, भाडं असा टळू न शकणारा असेल तर आडवी रेघ. पुन्हा करावासा वाटत नसेल तर फुली. रविवारपर्यंत थांबायचं कारण असं की दुकानात उभं असताना प्रत्येक वस्तू गरजेचीच वाटते, चार दिवसांनी तसं वाटत नाही.

वही बिघडते ती ठरावीक ठिकाणी. क्रेडिट कार्डाची खरेदी त्या दिवशी लिहायची. बिल भरल्यावर पुन्हा लिहिलीत तर खर्च दुप्पट दिसतो. एका खात्यातून दुसऱ्यात टाकलेले पैसे खर्चात धरायचे नाहीत. एटीएममधून काढलेली रोकडही खर्चात धरायची नाही, ती हातातून गेली की लिहायची. परत केलेल्या वस्तूचे पैसे मूळ सदरातूनच वजा करायचे. सदरं आठ-दहाच ठेवा. 'किरकोळ' हे सदर एकूण खर्चाच्या 5 टक्क्यांवर गेलं तर एखादं खरं सदर त्यात दडलंय असं समजा. बहुतेकदा ते चहा-नाश्त्याचं किंवा ऑटोचं असतं.

जपानी पत्रकार मोतोको हानी यांनी 1904 मध्ये घरखर्चाची वही, काकेबो, काढली. हाताने हिशेब लिहिण्याची ती रीत आजही टिकून आहे. लिहिताना हात थांबतो, आणि त्या थांबण्यातच फायदा आहे.

---

चारखाती

असहमत. झालेल्या खर्चावर फुली मारून पैसे परत येत नाहीत. महिन्यात शंभर नोंदी करण्यापेक्षा पगाराच्या दिवशी तीन हस्तांतरणं करावीत आणि पुढे हिशेबाकडे बघूही नये.

समजा हातात 60,000 येतात. 27,000 स्थिर खर्चाच्या खात्यात: भाडं किंवा घराचा हप्ता, वीज, गॅस, सोसायटी, इंटरनेट. 10,000 वर्षातून एकदा येणाऱ्या खर्चांसाठी. 9,000 बचत. उरलेले 14,000 पगाराच्याच खात्यात राहतात, तिथून रोजखर्चाच्या खात्यात दर सोमवारी 3,200 जातील अशी कायमची सूचना बँकेत लावून ठेवायची. 14,000 भागिले 4 करून 3,500 टाकू नका. वर्षाचे आठवडे 48 नसून 52 आहेत, त्यामुळे शेवटचे दोन-तीन दिवस दर महिन्याला कोरडे जातात आणि लोक पद्धतीलाच दोष देतात. युपीआयला फक्त हे रोजखर्चाचं खातं जोडलेलं ठेवा. बाकीची ॲपमधून काढून टाका, निव्वळ 'वापरायची नाहीत' असं ठरवून भागत नाही.

सगळ्यात महत्त्वाचे आहेत ते वार्षिक 10,000. शाळेची फी 36,000, विम्याचे हप्ते 24,000, गणपती-दिवाळी 18,000, गावी जाणं-येणं 18,000, लग्नकार्यं आणि आहेर 12,000, गाडीचा विमा-पीयूसी-सर्व्हिसिंग 12,000. झाले 1,20,000. यातलं काहीही अचानक येत नाही. गणपती दरवर्षी भाद्रपदात येतात, शाळा दरवर्षी जूनमध्ये उघडते. तरी हे खर्च आले की 'या महिन्यात गणित बिघडलं' म्हणायचं आणि बचत मोडायची.

पहिल्या वर्षी मात्र ही पद्धत हमखास अडते. जानेवारीत सुरुवात केली तर मेअखेर फीसाठी 3,000 च्या हिशेबाने 15,000 च जमतात आणि भरायचे असतात 36,000. म्हणून पहिल्या वर्षी रक्कम बाराने न भागता त्या खर्चापर्यंत उरलेल्या महिन्यांनी भागायची. या पैशांसाठी पोस्टाची आवर्ती ठेव घेऊ नका. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत बंद करता येत नाही. बँकेची बारा महिन्यांची आवर्ती ठेव किंवा साधं वेगळं बचत खातं पुरेसं आहे.

---

वहीवाला

वार्षिक खर्चाचं पूर्ण मान्य. पण तुमची खाती 'किती' एवढंच सांगतात. 3,200 पैकी 1,400 बाहेरच्या जेवणावर गेले आणि पहिल्या पानावर 'सहा दिवस घरचं जेवण' लिहिलेलं आहे, तर खातं शांत आणि माणूस समाधानी. पैसे मर्यादेत राहिले, पण ज्यासाठी राहायला हवे होते त्यासाठी राहिले नाहीत.

बँकेचं स्टेटमेंट काढून बघू म्हणावं तर तिथे दुकानाचं नाव येतं, जिन्नस येत नाही. किराणा दुकानात गेलेले 480 तांदळाचे की थंड पेयांचे? युपीआय लाइट (छोट्या रकमा पिनशिवाय भरायची सोय) वापरत असाल तर स्टेटमेंटमध्ये फक्त लाइटमध्ये टाकलेली रक्कम दिसते, एकेक चहा-वडापाव दिसत नाही. सवयी नेमक्या याच छोट्या रकमांतून कळतात.

दुसरी गळती क्रेडिट कार्डाची. 2022 पासून रुपे क्रेडिट कार्ड युपीआयला जोडता येतं, त्यामुळे तोच क्यूआर कोड स्कॅन करून रोजखर्चाच्या खात्याला हातही न लावता खर्च होतो. सोमवारचे 3,200 संपले की कार्ड पुढे येतं. बऱ्याच कार्डांवर व्याज महिन्याला 3.5 टक्क्यांच्या आसपास असतं. 20,000 थकले तर महिन्याचे 700, त्यावर 18 टक्के जीएसटी 126. शिवाय बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत जाते आणि नव्या खरेदीवरही त्याच दिवसापासून व्याज सुरू होतं. 'किमान रक्कम भरली' याचा अर्थ विलंबशुल्क टळलं, व्याज थांबलं असा नाही.

---

माजघर

वर दोघांनीही जो प्रश्न घेतला नाही तो असा: पहिल्या पानावरच्या तीन गोष्टी कोणाच्या?

वही बहुतेक घरात एकाच्या हातात असते आणि तपासणारा दुसरा असतो. मग भाजी, दूध, मोलकरणीचा पगार, मुलांची स्टेशनरी यांवर प्रश्न येतात, कारण त्या नोंदी रोजच्या आणि सुट्या असतात. गाडीचा हप्ता महिन्यातून एकदा येतो, त्यावर कुणी फुली मारत नाही. 6 लाखांचं वाहनकर्ज, 9 टक्के, पाच वर्षं: हप्ता सुमारे 12,450. भाजीत रोज 20 रुपये वाचवले तर असा एक हप्ता जमायला पावणेदोन वर्षं लागतात. त्यामुळे वही सुरू करायचीच असेल तर पहिल्या दिवशी घरातले सगळ्यात मोठे पाच खर्च लिहा, आणि फुली मारायचा हक्क तिथून वापरायला सुरुवात करा. त्यांतला हप्ता लगेच थांबवता येत नाही हे खरं, पण पुढची गाडी घेताना, घर बदलताना, शाळा निवडताना ती फुली उपयोगी पडते.

तीन नियम सुचवते. घरातल्या प्रत्येक प्रौढाला दर महिन्याला ठरावीक आणि सारखी रक्कम, कमाई कितीही असो वा नसो. तिचा हिशेब कुणी मागायचा नाही आणि ती वहीत एका ओळीत जाते. एका रकमेवरची खरेदी, समजा 5,000, दोघांनी बोलल्याशिवाय करायची नाही. आणि तीन गोष्टींची यादी दोघांनी वेगवेगळ्या कागदांवर करायची, नंतर शेजारी ठेवायची. न जुळलेल्या ओळींवर बोलणं हाच खरा अंदाजपत्रकाचा दिवस.

आहेराबद्दल थोडं. मनाला न पटणारा पण नात्यासाठी करावा लागणारा खर्च बरोबरच्या खुणेतही बसत नाही आणि फुलीतही. त्याला वर्षाची एक रक्कम द्या आणि आधीच दोन पायऱ्या ठरवा, सख्खे आणि ओळखीचे. पाकीट भरताना त्या क्षणी आकडा ठरवला की तो नेहमी वरच जातो.

---

चारखाती

@माजघर, सारख्या रकमेचा मुद्दा पटला. माझ्या 14,000 मधूनच ती आधी बाजूला निघायला हवी, म्हणजे सोमवारची रक्कम कमी होईल. दोघांचे प्रत्येकी 1,500 धरले तर उरतात 11,000, आठवड्याला सुमारे 2,500.

@वहीवाला, कार्डाची गळती खरी आहे. त्यावर उपाय: कार्ड युपीआयमधून काढायचं आणि त्यावर फक्त स्थिर खात्यातून भरली जाणारी बिलं लावायची, पूर्ण बिलाच्या आपोआप भरण्यासह. तो भरणा लावताना 'किमान रक्कम' हा पर्याय निवडला जात नाही ना, ते स्वतः तपासा.

---

हंगामी

इथलं सगळं गणित एक तारखेच्या पगारावर उभं आहे. रिक्षा, शिकवण्या, केटरिंग, शेती यांत एक तारीख असतेच कुठे? टक्केवारीचे नियम तर इथे उलटेच पडतात. चांगल्या महिन्यात 20 टक्के बचत कमी असते आणि वाईट महिन्यात अशक्य.

मागच्या बारा महिन्यांची निव्वळ कमाई लिहा, म्हणजे सीएनजी, दुरुस्ती, कच्चा माल वजा करून. धंद्याचा खर्च घरखर्चात मिसळला की दोन्हींचं कळेनासं होतं. त्यातले सगळ्यात कमी कमाईचे तीन महिने घ्या. समजा 22,000, 24,000 आणि 26,000. सरासरी 24,000, हा तुमचा स्वतःला द्यायचा पगार. सगळी कमाई एका खात्यात उतरवा आणि ठरलेल्या तारखेला तिथून 24,000 घरखात्यात पाठवा. पहिल्या खात्यात निदान दोन पगारांएवढी, म्हणजे 48,000 गंगाजळी होईपर्यंत चांगल्या महिन्याचे जास्तीचे पैसे हलवायचे नाहीत. लोक चुकतात ते इथेच: दिवाळीचा हंगाम चांगला गेला की पगार वाढवतात आणि पावसाळ्यात उसने मागतात. पगार वर्षातून एकदाच, पुन्हा ते तीन महिने काढून बदलायचा.

शेतकऱ्याकडे उसाचं किंवा सोयाबीनचं बिल एकदम येतं. त्यातून आधी पुढच्या हंगामाचं बियाणं-खत आणि पीककर्जाची फेड बाजूला काढायची, मगच उरलेल्याचे बारा भाग.

भिशीबद्दलही सांगतो, कारण वार्षिक खर्चासाठी अनेक जण तिच्यावर विसंबतात. दहा जणांची दोन-दोन हजारांची भिशी असेल आणि तुमचा नंबर नववा, तर आधी उचल घेतलेल्या आठ जणांच्या भरवशावर तुमचे पैसे आहेत. ओळखीतली भिशी नोंदणीकृत नसते, त्यामुळे बुडाली तर दाद मागणं अवघड. साडी, सहल यासाठी ठीक. जूनची फी तिच्यावर ठेवू नका. पतसंस्थेतल्या ठेवींनाही बँकेसारखं 5 लाखांपर्यंतचं ठेव विमा संरक्षण नसतं, सहकारी बँक आणि पतसंस्था यांत हा फरक आहे.

---

वहीवाला

@हंगामी, यात भर. अनियमित कमाईत वहीची गरज जास्तच. तो तीन महिन्यांचा आकडा वहीशिवाय काढणार कुठून? आठवणीतून काढला तर चांगलेच महिने आठवतात.

@माजघर, 'मोठे पाच आधी' हे मी पद्धतीत घेतो. वहीच्या पहिल्या पानाच्या मागच्या बाजूला ते पाच आणि प्रत्येकाची सुटण्याची तारीख: कर्ज संपण्याची, भाडेकरार नव्याने करण्याची, विमा नूतनीकरणाची. त्या तारखेच्या एक महिना आधीची नोंद आत्ताच करून ठेवायची.

एक गोष्ट मात्र सोडत नाही. फुलीचे पैसे त्याच रविवारी हलवावेत. या आठवड्यात फुल्यांची बेरीज 640 आली आणि पुढच्या आठवड्यात 300, तर वाचलेले 340 तिथल्या तिथे 'गावी जाणं' या खात्यात टाका. नाहीतर ते रोजखर्चातच विरतात आणि खूण करण्याला काही अर्थ उरत नाही.

---

चारखाती

हे चालेल, एका अटीवर. तीन महिन्यांनंतर ती सरासरी रक्कम सोमवारच्या हस्तांतरणातूनच कमी करा, दर रविवारी हाताने हलवत बसू नका. हाताने करायची गोष्ट पहिल्या आजारपणात किंवा पहिल्या सुट्टीत बंद पडते.

आणि वही सुरू करायच्या आधी युपीआय ॲपमधली ऑटोपेची यादी उघडा. 15,000 पर्यंतचे हप्ते दर वेळी पिन न मागता कापले जातात. 24 तास आधी सूचना येते, पण ती बाकीच्या संदेशांत बुडते. वार्षिक वर्गणी सगळ्यात धोक्याची, कारण तीन महिन्यांच्या वहीत ती दिसेलच असं नाही. यादीत सुरू असलेलं प्रत्येक नाव वाचा, नको ते तिथूनच रद्द करा. नुसतं ते ॲप फोनमधून काढून टाकलं तर पैसे जाणं थांबत नाही.