आयसीयूतल्या अँटिबायोटिकचा ट्रेंड काढताना अडकलोय, डीडीडी ठेवू की डीओटीवर जाऊ? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी एका खाजगी हॉस्पिटलमध्ये क्लिनिकल फार्मासिस्ट आहे, इन्फेक्शन कंट्रोल कमिटीसाठी आयसीयूचा अँटिबायोटिक वापर काढायचं काम माझ्याकडे आलंय. आमच्याकडे पूर्वीपासून १०० बेड-डेजमागे (भरलेला एक बेड एक दिवस = एक बेड-डे) किती डीडीडी (डिफाइन्ड डेली डोस, म्हणजे डब्ल्यूएचओने मोजणीसाठी ठरवलेला त्या औषधाचा मोठ्या माणसाचा दिवसाचा डोस) असंच काढतात. सगळी वर्षं एका ग्राफवर घेतली तर २०१९ पासून मेरोपेनेम आणि कोलिस्टिन धाडकन खाली, कमिटीत सगळे खूश. पण शीट उघडून बघितल्या तर जुन्यांमध्ये मेरोपेनेमचा डीडीडी २ ग्रॅम आणि नंतरच्यांमध्ये ३, कारण डब्ल्यूएचओनेच २०१९ ला तो बदलला, कोलिस्टिनचा तर ३ मिलियन युनिटवरून ९. म्हणजे पेशंटला औषध तेवढंच गेलं तरी मेरोपेनेम एक तृतीयांशाने कमी दिसणार आणि कोलिस्टिन एक तृतीयांशच उरणार!! जुने महिने नवीन व्हॅल्यूने परत काढतोय, ते होईल.

खरा प्रश्न पुढचा आहे. आयसीयूत किडनी गेलेले पेशंट भरपूर, त्यांना मेरोपेनेम ५०० मिग्रॅ दिवसातून दोनदा, म्हणजे डीडीडीच्या हिशोबात दिवसाला फक्त ०.३३, आणि मेनिंजायटिसवाल्याला २ ग्रॅम तीनदा म्हणजे २. दोघांनाही एकेक दिवसच मिळाला ना? म्हणून डीओटी (डेज ऑफ थेरपी, म्हणजे डोस कितीही असो, औषध किती दिवस दिलं ते), १००० पेशंट-डेजमागे, बरं वाटतं. पण त्याला प्रत्येक पेशंटचा ड्रग चार्ट बघावा लागतो, आमचे चार्ट अजून कागदावर, आणि सिस्टरांवर आधीच इतका लोड आहे की अजून एक फॉर्म भरा म्हणायची माझी इच्छा नाही.

फार्मसीने किती औषध दिलं या नोंदीवर भरवसा ठेवावा तर नातेवाईक उरलेल्या व्हायल परत करतात, ती एंट्री कधीकधी पुढच्या महिन्यात पडते, शिवाय पेशंट वॉर्डात गेला तरी बिल आयसीयूच्याच नावावर.

हे सगळं नीट हवंय कारण आमच्याकडे क्लेबसिएला हा जंतू बऱ्याचदा मेरोपेनेमला रेझिस्टंट येतो, मग हातात उरतं कोलिस्टिन, ते डब्ल्यूएचओच्या रिझर्व्ह गटातलं, म्हणजे शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवायचं औषध. वापर कमी झाला असं चुकीच्या ग्राफवरून ठरलं तर कोणी हात आखडणार नाही.

तर ज्यांच्याकडे चार्ट कागदावर आहेत त्यांनी डीओटी कसा चालू केला? फक्त मेरोपेनेम, कोलिस्टिन आणि टायगेसायक्लिनपुरता केला तर चालेल का? की महिन्यातून एक दिवस ठरवून त्या दिवशीचे सगळे चार्ट बघायचे, पण १०-१२ बेडच्या आयसीयूत तेवढ्यावर ट्रेंड दिसेल का? आणि दुपारी वॉर्डात शिफ्ट झालेल्या पेशंटचा तो दिवस तुम्ही कुठे धरता, रात्री १२ च्या सेन्ससप्रमाणे (त्या वेळच्या पेशंट-मोजणीप्रमाणे) का?